‘मा रेवा’ हे चिल गाणं नाही

गेल्या वर्षभरात ‘मा रेवा’ माझ्या फोनवर किती वेळा आलं, ते मोजायचं मी सोडून दिलंय. महेश्वरच्या घाटावर ड्रोन उडतोय, खाली ‘मा रेवा’. प्री-वेडिंग शूटमध्ये नवरी नावेच्या टोकाला बसून पाण्यात बोटं बुडवतेय, खाली ‘मा रेवा’. एसी बसनं नर्मदा परिक्रमा घडवून आणणाऱ्या टूरची जाहिरात, खाली पुन्हा तेच. एका प्लेलिस्टचं तर नावच ‘इंडी चिल’. तिच्यात हे गाणं पावसावरच्या दोन गाण्यांच्या मधे बसवलंय, कॉफी पिताना कुणाला त्रास होऊ नये अशा बेतानं.

माझा राग रीलवाल्यांवर नाही. तीस सेकंदांत जेवढं मावतं तेवढं ते उचलतात. राग आहे तो आपल्यावर, म्हणजे जे स्वतःला इंडियन ओशनचे चाहते म्हणवतात त्यांच्यावर. ‘बंदे’ ऐकून आपण या बँडपर्यंत पोचलो, मग मागे जाऊन ‘कंदिसा’ हा अल्बम ऐकला, खाली ‘काय भारी फ्यूजन आहे’ अशी कमेंट टाकली आणि पुढचं गाणं लावलं. ‘फ्यूजन’ हा शब्द वापरला की डोकं चालवायचं काम संपतं. थोडा तबला, थोडी गिटार, मिक्सर फिरवला, झालं. माझं म्हणणं असं, की ‘कंदिसा’मधल्या ज्या दोन गाण्यांवर आपण सगळ्यात जास्त जीव टाकतो, ती दोन्ही दुसऱ्यांकडून आणलेली आहेत. बँडनं ती दुसऱ्यांची म्हणूनच गायली. ती कुणाची, हे पुसून ऐकणं म्हणजे उधारीच्या वहीतलं पान फाडणं.

आधी थोडा इतिहास, कारण या अल्बमचा धक्का काय होता हे आता कळणं अवघड झालंय. इंडियन ओशन 1990 मध्ये दिल्लीत सुरू झाला. 1993 साली पहिला अल्बम आला, बँडच्याच नावाचा. त्यात शब्द नावापुरते होते, बोलायची ती वाद्यंच बोलत होती. 1997 मध्ये ‘डेझर्ट रेन’ आला, पण ते स्टेजवरचं रेकॉर्डिंग. सफदर हाश्मीच्या आठवणीत ‘सहमत’ ही संस्था दिल्लीत 1 जानेवारीला कार्यक्रम करते, तिथं वाजवलेलं. काटेकोर मोजणारे म्हणतील, की दुसरा अल्बम तोच. म्हणोत बापडे. स्टुडिओत बसून, ठरवून केलेला दुसरा अल्बम म्हणजे ‘कंदिसा’. टाइम्स म्युझिकनं तो 2000 साली काढला.

पहिल्या आणि दुसऱ्या स्टुडिओ अल्बममध्ये सात वर्षं. एरवी कुठल्याही बँडचं दुसऱ्या अल्बमला काय होतं ते आपण पाहिलंय. पहिल्याच्या मागे अख्खी विशी असते, दुसऱ्याच्या मागे कंपनीची तारीख. मग पहिलाच अल्बम पुन्हा नव्या कव्हरमध्ये येतो आणि चाहते खूश होतात, कारण त्यांना तेच हवं असतं. इंडियन ओशनला ते सोपं होतं. सुस्मित सेनची गिटार दोन सुरांत ओळखू यायची, असीम चक्रवर्तीचा तबला आणि त्याचा तो जाड, खालून येणारा आवाज तयार होता. आणखी आठ वाद्यसंगीताचे तुकडे केले असते तरी लोकांनी घेतले असते. त्याऐवजी ज्या बँडनं पहिल्या अल्बमात जवळजवळ तोंड उघडलं नव्हतं, तो मोठ्यानं गायला लागला. आणि गाण्यासाठी शब्द कुठून आणले? एक गाणं केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या प्रार्थनेतून आणि एक नर्मदेच्या खोऱ्यातून.

‘कंदिसा’ हे शीर्षकगीत सिरियाक भाषेतलं आहे. सिरियाक ही अरामाईकची एक बोली, आणि अरामाईक म्हणजे येशू जी बोलायचा ती भाषा. केरळात ती शतकानुशतकं चर्चमध्ये टिकली, मग 1960 च्या दशकात तिथल्या एका मोठ्या चर्चनं आपली मुख्य उपासना मल्याळमध्ये आणली आणि जुनी भाषा मागे सरकत गेली. म्हणजे हे शब्द जिथं रोजचे होते तिथंच ते कमी ऐकू यायला लागले होते, तेव्हा दिल्लीच्या चार जणांनी ते रॉकच्या आवाजात गायले. देवाला पवित्र म्हणणारी एवढीशी प्रार्थना. ती हळू सुरू होते, आवाजावर आवाज चढत जातात आणि शेवटी ओरडण्यापर्यंत जाते. एकही शब्द कळत नाही आणि तरी अंगावर काटा येतो, असं सगळेच सांगतात.

इथं मला वर्धेकर म्हणून एक गोष्ट सांगायची आहे. शब्द न कळता प्रार्थना ऐकण्यात आपल्याला नवल वाटायचं कारणच नाही. सेवाग्रामला सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते. शाळेची सहल, पाहुणे आले म्हणून दाखवायला, या ना त्या निमित्तानं जिल्ह्यातलं प्रत्येक पोर तिथं एकदा तरी मांडी घालून बसलेलं असतं. त्या प्रार्थनेत संस्कृत आहे, अरबी आहे, पारशांची गाथा आहे आणि एक जपानी बौद्ध मंत्र आहे. हा मंत्र आला कुठून? एक जपानी भिक्षू आश्रमात राहायचा, ढोलकं वाजवत तो म्हणायचा. दुसऱ्या महायुद्धात जपान उतरल्यावर पोलिसांनी त्याला धरून नेलं. गांधींनी मंत्र ठेवला. माणूस गेला, त्याचे शब्द रोजच्या प्रार्थनेत राहिले, आणि ते कुणाचे हे आश्रमात आजही सांगतात. इंडियन ओशननं पुढे 2003 च्या ‘झिनी’ अल्बममध्ये ‘नाम म्यो हो’ नावाचं गाणं केलं, ते याच जपानी मंत्राच्या शब्दांवर. त्यांनी तो सेवाग्राममधून घेतला असं मी अजिबात म्हणत नाही. पण सेवाग्रामच्या चटईवर बसलेल्या माणसाला हा बँड परका वाटायला नको, एवढं नक्की. आणि या चटईवरची शिस्तही त्याला माहीत असायला हवी. दुसऱ्याची प्रार्थना म्हणायची तर ती कुणाची ते सांगून.

आता ‘मा रेवा’कडे येतो, कारण खरं दुखणं तिथं आहे.

रेवा म्हणजे नर्मदा. गाणं नदीची स्तुती करतं, तिच्या पाण्याची, तिच्या वाहण्याची. बस, एवढंच. त्यात धरण नाही, घोषणा नाही, सरकारला शिवी नाही. म्हणूनच ते रीलखाली इतकं छान बसतं. पण हे गाणं बँडपर्यंत कुणी पोचवलं? बास वाजवणारा राहुल राम हा अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर पीएचडी करून आलेला माणूस. नव्वदच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात तो नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता. तिथं, खोऱ्यात, तो हे गाणं शिकला. बँडनं ते कधी लपवलेलं नाही, तो स्वतः कार्यक्रमांत आणि मुलाखतींत सांगत आलाय.

त्या सात वर्षांत खोऱ्यात काय चाललं होतं ते पाहा. 1993 मध्ये, म्हणजे बँडचा पहिला अल्बम आला त्या वर्षी, जागतिक बँक सरदार सरोवर प्रकल्पातून बाहेर पडली. त्याच सुमारास मणिबेलीत पाणी शिरलं. मणिबेली आपल्याच राज्यातलं गाव आहे, अक्कलकुवा तालुक्यातलं. अनेकांना माहीतच नसतं की नर्मदा महाराष्ट्राला लागून 54 किलोमीटर वाहते. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली 33 गावं येतात, सगळी नंदुरबार जिल्ह्यातली आणि बहुतेक आदिवासींची. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बांधकाम थांबवलं. आणि 18 ऑक्टोबर 2000 ला निकाल आला, दोन विरुद्ध एक. भरुचा यांनी वेगळं मत लिहिलं, पण बहुमतानं भिंत वाढवायची वाट मोकळी केली. ‘कंदिसा’ याच वर्षीचा.

म्हणजे ज्या वर्षी देशातल्या हॉस्टेलांमध्ये मुलं ‘मा रेवा’ पहिल्यांदा ऐकत होती, त्याच वर्षी ज्या काठावरून ते आलं तो काठ पाण्याखाली जाणार हे कोर्टात नक्की झालं. हे माहीत असेल तर गाणं वेगळं ऐकू येतं. स्तुती तीच राहते, पण ती कुणाच्या तोंडून येतेय हे कळतं. आपल्या दारावरून वाहणाऱ्या नदीला आई म्हणणारा माणूस, आणि तीच नदी अडवून त्याच्या घरात सोडली जाणार. त्यानं नदीला दोष दिला नाही, ती आईच राहिली. एवढी मोठी गोष्ट एका साध्या स्तुतिगीतात आहे आणि आपण तिला ‘चिल’ म्हणतो.

माझ्या एका मित्राला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, “गाणं गाणं हाय बे, त्यात धरण कायले आनतं?” त्याचं मत बऱ्याच जणांचं आहे म्हणून त्याला इथंच उत्तर देतो. भाऊ, तू आष्टीचा. तुझ्या गावाच्या नावापुढे ‘शहीद’ लागतं. ऑगस्ट 1942 मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले. तेव्हा गावोगाव काय वाजत होतं? तुकडोजी महाराजांची खंजिरी. इंग्रज सरकारनं महाराजांना उचलून तुरुंगात टाकलं, कारण भजनानं माणूस काय करतो हे त्या सरकारला तुझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. खंजिरीवरचं भजन ‘नुसतं गाणं’ आहे असं तू तुझ्या आजोबांपुढे म्हणून दाखव. वर्धा जिल्ह्यात जन्मून ‘गाण्यात राजकारण नको’ म्हणायचं म्हणजे स्वतःच्याच गावाची पाटी न वाचता एसटीतून उतरायचं.

नर्मदेशी आपला संबंध एवढ्यावर थांबत नाही. बाबा आमटे हिंगणघाटचे, 1914 चा जन्म. सगळे त्यांना आनंदवनाचे म्हणून ओळखतात, जे बरोबरच आहे. पण पंच्याहत्तरीत, पाठीच्या दुखण्यानं धड बसताही येत नसताना, 1990 मध्ये हा माणूस आनंदवन सोडून बडवानीजवळ कसरावदला नर्मदेच्या काठी राहायला गेला. पुढची कित्येक वर्षं तिथंच काढली. राहुल राम खोऱ्यात होता तो हाच काळ. त्याच बडवानीजवळ राजघाटावर गांधी, कस्तुरबा आणि महादेव देसाई यांच्या अस्थींचं स्मारक होतं. तिघांपैकी एकाचंही नाव सेवाग्रामला परकं नाही. जुलै 2017 मध्ये, बुडीत येणार म्हणून, प्रशासनानं ते जेसीबी लावून खणलं आणि हलवलं. सप्टेंबरात धरणाचं लोकार्पण झालं. आपल्या गांधी जिल्ह्यात त्यावर किती बोललं गेलं, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

आता परिक्रमेबद्दल. मराठी माणसाचं नर्मदेवर फार प्रेम आहे, हे आपण एकमेकांना सारखं सांगत असतो. गोनीदांचं ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’, जगन्नाथ कुंट्यांचं ‘नर्मदे हर हर’, ही पुस्तकं घराघरांत आहेत, आणि ती वाचून चालायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची श्रद्धा खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. पण परिक्रमेच्या कथांमध्ये शूलपाणीच्या झाडीतला भिल्ल कसा येतो ते आठवा. तो येतो आणि परिक्रमावासींना लुटतो, अंगावरचे कपडे काढून घेतो, आणि ती मैयाची परीक्षा असते. त्या झाडीचा मोठा भाग आता सरोवराखाली आहे. जुनं शूलपाणेश्वराचं मंदिर बुडालं, नवं दुसरीकडे बांधलं, परिक्रमेची वाट सरकली. वाट सरकल्याची हळहळ खूप ऐकली. त्या वाटेवर ज्यांची घरं होती ते कुठं सरकले, याची चौकशी करणारे कमी भेटले. एसी बसच्या जाहिरातीत ‘मा रेवा’ वाजतं तेव्हा मला हे आठवतं. ज्यांना आपण कथेत लुटारू केलं, त्यांच्या खोऱ्यातलं गाणं आपण बसमध्ये फुकट वाजवतो. लुटलं कुणी कुणाला?

यावर दुसऱ्या बाजूनं एक हरकत येते आणि ती पहिल्यापेक्षा वजनदार आहे. ती अशी, की दिल्लीच्या इंग्रजी शिकलेल्या मुलांनी खोऱ्यातलं गाणं उचललं, अल्बम विकला, कार्यक्रम केले, नाव झालं, खोऱ्याला काय मिळालं? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मी बँडचा भक्त असलो तरी वकील नाही. पण तो नीट विचारा. राहुल राम रेकॉर्डर घेऊन दोन दिवसांसाठी तिकडे गेला नव्हता, काही वर्षं त्या लढ्यात होता. गाणं त्याला त्या कामातून मिळालं. बाकीच्यांपैकी कुणी नर्मदेला गेलं असेल-नसेल, पण त्यांनी त्या चालीवर नको तो साज चढवला नाही. सुस्मितची गिटार मधे मधे नदीसारखीच वळणं घेते, आणि आवाज पुढे राहतो. 2010 मध्ये याच बँडनं ‘16/330 खजूर रोड’ हा अल्बम, करोलबागेतल्या ज्या बंगल्यात ते सराव करायचे त्याचा पत्ता नाव म्हणून देऊन, दर महिन्याला एक गाणं असा इंटरनेटवर फुकट देऊन टाकला. पैशाच्या मागे लागलेले लोक असं वागत नाहीत.

मग हिशोब कुठं चुकतो? आपल्या हातातल्या फोनमध्ये. ॲपवर गाण्याखाली बँडचं नाव येतं, अल्बमचं येतं, वर्ष येतं. खोऱ्याला रकानाच नाही. कॅसेटच्या काळात निदान आतली घडी उलगडून वाचायची सवय होती. आता गाणं थेट मूडमध्ये टाकलं जातं, ‘चिल’, ‘फोकस’, ‘झोप’. सिरियाक प्रार्थना ‘झोप’मध्ये. ज्या गाण्याच्या शेवटी माणसं जीव तोडून ओरडतायत ते ऐकून कुणाला झोप येत असेल तर त्याच्या झोपेला नमस्कार.

हे सगळं मला एवढं लागतं त्याचं कारण नर्मदा नाही, वर्धा आहे. ही नदीसुद्धा अडवलेली आहे. वर मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा, खाली आर्वी तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा. आणि धरण नकोच, असं म्हणणं इथं सोपं नाही. कोरडवाहू कपाशीच्या भरवशावर जगणाऱ्या जिल्ह्यात पाणी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही. ज्यांच्या शेतात कालव्याचं पाणी आलं त्यांचा आनंद खरा आहे. पण गावं उठली हेही तितकंच खरं. उठलेल्या गावाचं नाव नव्या वस्तीला देतात आणि पुढे ‘पुनर्वसन’ जोडतात. सरळ रस्ते, एका मापाचे प्लॉट, मधोमध समाजमंदिर. मोबदल्याच्या केसेस चालू असतात, त्यांची कागदपत्रं असतात. गाण्यांची कागदपत्रं नसतात.

भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसते. संध्याकाळी पोरी घरोघरी जमून गाणी म्हणतात, मग डब्यातला खाऊ ओळखायचा. ती गाणी सगळी सासर-माहेरची. सासरी जाच, माहेरचं बोलावणं, न्यायला कोण आलं, वाट कुठून जाते. आता जिचं माहेर पाण्याखाली गेलं ती बाई हे गाणं म्हणताना डोळ्यांपुढे कोणतं गाव आणत असेल? पुनर्वसनातल्या प्लॉटवर जन्मलेल्या तिच्या नातीला त्या गाण्यातली वाट कुठली वाटत असेल? एखाद्या ओळीत जुन्या पाणवठ्याचं नाव अडकून राहिलं असेल, नसेलही. जाऊन ऐकल्याशिवाय कळणार नाही, आणि ऐकायला जाणाऱ्यांची संख्या ‘मा रेवा’वर कमेंट करणाऱ्यांपेक्षा फारच कमी आहे.

यासाठी कॉर्नेलची पीएचडी लागत नाही. वर्ध्याहून आर्वीला एसटी आहे, आणि रेकॉर्डर ज्याच्या त्याच्या खिशात आहे, ज्यावर हा लेख वाचताय तोच. कोजागिरीच्या आत एखाद्या संध्याकाळी जा. रेकॉर्ड करायच्या आधी विचारा. म्हणणारीचं नाव, तिच्या जुन्या गावाचं नाव आणि ते गाणं तिला कुणी शिकवलं, हे तिघंही फाइलच्या नावातच लिहा, म्हणजे पुढे ती कुठल्याही प्लेलिस्टमध्ये गेली तरी ते पुसायला कुणाला तरी मुद्दाम कष्ट घ्यावे लागतील.